दगडाची आधीची नोकरी विचारा: अंगणातल्या शिल्पासाठी जुना दगड निवडताना

गावाकडचं घर उतरवलं तेव्हा सागवान दोन दिवसांत विकलं गेलं, पत्रा भंगारवाल्यानं नेला, कौलं शेजाऱ्यांनी गोठ्यासाठी मागून घेतली. दगड तेवढा राहिला. जेसीबीवाल्याचा सल्ला सरळ होता, "खड्ड्यात ढकलू, वर मुरूम टाकू, विषय संपला." पण दगड पणजोबांनी घडवून घेतलेला, त्यामुळे विषय काही संपेना. शेवटी निम्मा माझ्याकडे साताऱ्यात आला, अजिंक्यताऱ्याच्या उतारावरच्या अंगणात. निम्मा सांगलीला, गावभागात ताईकडे गेला. दोघांनाही त्यातून अंगणात काहीतरी शिल्पासारखं करायचं होतं. ताईचा पहिलाच फोन असा, "तू काय करणारेस ते आधी सांग, म्हणजे मी दुसरं करीन."

पुढचं वर्षभर आम्ही दोघं भंगार बाजार, ग्रॅनाइटची दुकानं, पाथरवटांची पालं आणि ओळखीपाळखीच्यांची परसं धुंडाळत होतो. पाहिलेलं, विचारलेलं आणि चुकलेलं असं सगळं इथं एकत्र लिहितोय. तुमच्याकडेही असा ढीग पडून असेल किंवा विकत घ्यायचा विचार असेल, तर दगडाचा रंग आणि आकार बघण्याआधी त्याची जुनी नोकरी विचारा. पायरी होता, जोत्यात होता, जनावरांच्या पाण्याची डोणी होता? मग उघड्यावरचे पन्नास-शंभर पावसाळे त्यानं आधीच पचवलेत. ओट्यावर होता, हॉलच्या फरशीत होता? मग त्याची परीक्षा अजून व्हायचीच आहे, आणि ती तुमच्या खर्चानं होणार.

वाड्याचा काळा दगड

आपल्याकडे जुनं काहीही उतरवा, हाती लागतो तो बहुधा बेसाल्टच, म्हणजे आपला काळा दगड. सह्याद्रीचे हे थर सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थिजून झाले. टिकाऊपणाची शंका असेल तर साताऱ्याजवळच्या लिंबला जाऊन बारामोटेची विहीर बघून या. 1719 ते 1724 या काळात वीरूबाई भोसले यांनी ती बांधून घेतली. तीनशे वर्षं एका अंगाला पाणी आणि दुसऱ्या अंगाला ऊन सोसूनही कोरीव कडा अजून बोटाला लागतात. वाईजवळच्या मेणवलीच्या घाटाच्या पायऱ्यांचंही तसंच. दर पावसाळ्यात त्या कृष्णेत बुडतात आणि दर दिवाळीला पुन्हा कोरड्या होतात.

पण काळा दगड हे नाव एक असलं तरी माल एकसारखा नसतो. आमच्याच ढिगात तीन जाती निघाल्या. पहिला घट्ट, बारीक कणांचा, निळसर काळा. दुसऱ्यात बारीक छिद्रं आणि पांढरे खडे, म्हणजे लाव्ह्यातल्या हवेच्या बुडबुड्यांच्या जागी नंतर भरलेली खनिजं. हा दिसायला देखणा असतो, पण पांढरे खडे आधी झिजतात आणि दगडाला देवीचे व्रण आल्यासारखं दिसतं. तिसरा कांद्यासारखे पापुद्रे सोडणारा. वरचा पापुद्रा नखानं निघत असेल तर तो दगड कितीही भावाचा असला तरी बागेत गुलाबाच्या बुडाशी टाका. शिल्पात नको.

ओळखायचं कसं, हे आम्हाला एका वडार आजोबांनी पाच मिनिटांत शिकवलं. दगड दोन काठ्यांवर आडवा ठेवायचा, म्हणजे जमिनीला टेकत नाही, आणि लहान हातोडीनं हलकेच टोला द्यायचा. खणखणीत वाजला तर चांगला, बद्द वाजला तर आत कुठंतरी तडा. दुसरी खूण पाण्याची. दगड भिजवून उन्हात ठेवला की अंग भराभर वाळतं, पण चीर मात्र ओली राहते आणि काळ्या रेघेसारखी उठून दिसते. त्यांनी आमच्या चाळीसातले नऊ दगड बाजूला काढले. नऊच्या नऊ जेसीबीनं पाडलेल्या भिंतीतले होते. पहारीनं सुटे केलेल्या भिंतीतला एकही नव्हता. तेव्हा विकत घेताना 'कुठल्या वाड्याचा' याच्या जोडीला 'कसा उतरवला' हेही विचारा. 'कसा'चं उत्तर जास्त कामाचं.

भिंत कशात बांधली होती, हेही बघून घ्या. मातीत किंवा चुन्यात बसवलेला दगड ब्रशनं आणि पाण्यानं स्वच्छ होतो. नंतरच्या डागडुजीत सिमेंट लागलेला असेल तर ते काढताना दगडाची कड उडते, नाही काढलं तर राखाडी खरूज कायमची अंगावर राहते. गोठ्याच्या भिंतीतल्या दगडाला लोणा, म्हणजे मुरलेला खार असतो. वाळला की पांढरी पूड वर येते. असा दगड पिंपात पाणी बदलत बदलत दोन-तीन आठवडे भिजत ठेवावा लागतो. घाई झालेले मिस्त्री म्हणतात, "ॲसिड मारू का? चकाचक होईल." मारू देऊ नका. काळ्या दगडात लोह असतं, ॲसिडनं ते सुटतं आणि महिन्याभरात पिवळे-तांबडे ओघळ उतरतात. तारेचा ब्रशही नको. त्याचे लोखंडी कण दगडात अडकतात आणि गंजतात.

आता वजन, कारण खरा खर्च तिथंच आहे. घट्ट काळा दगड घनफुटाला साधारण 82 किलो भरतो. दीड फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच असा साधा चिरा म्हणजे सव्वाशे किलोच्या आसपास. छोटा हत्ती टेम्पो पाऊण टन नेतो असं धरलं, तर त्यात असे सहा दगड बसतात. सहाच. आमचे दाजी "एका खेपेत आणतो" म्हणून निघाले होते, पाच खेपा झाल्या. दगड पडून आहे म्हणून फुकट, पण तो तुमच्या दारात फुकट येत नाही. वाहतूक, हमाली आणि दीड-दोनशे किलोच्या वरचा दगड उचलायला हायड्रा क्रेन, यांचा हिशेब आधी मांडा. वाई ते सांगलीसारखं अंतर असेल तर सांगलीतच कुठल्या पेठेत वाडा उतरतोय का, ते आधी बघा.

वाड्याच्या दगडांत माझी आवड दोघांवर. एक, मधोमध झिजलेली पायरी. तिचा तो खोलगट वाक कुठलाही कलाकार मुद्दाम काढू शकत नाही, पाच पिढ्यांच्या टाचांनीच तो काढलेला असतो. दुसरा तळखडा, म्हणजे लाकडी खांबाखालचा दगड. चौकोनी, वर गोल, मधे खांबाचं कूस बसायचं ते खोबण. तळखडे एकावर एक ठेवले की आपोआप शिल्प होतं, कारण प्रत्येकाची घडण थोडी वेगळी असते. खोबणीत पावसाचं पाणी साठतं, चिमण्यांची सोय होते, डासांचीही होते. बाजूनं एक बारीक भोक पाडून पाण्याला वाट द्यावी.

जातं, उखळ, पाटा

हे सगळ्यात जास्त मागणीचं. महामार्गावरची हॉटेलं आणि पाचगणीकडची रिसॉर्टं जाती विकत घेतात, त्यामुळे पूर्वी उकिरड्यावर पडलेलं जातं आता जुन्या बाजारात भाव खातं. शिल्पाच्या दृष्टीनं त्याचा एक मोठा फायदा आहे, त्याला मुळातच भोक असतं. वरच्या तळीला, म्हणजे चकतीला आरपार, खालचीला मेखेपुरतं. म्हणजे स्टेनलेस स्टीलचा दांडा रोवून त्यावर तळ्या ओवता येतात आणि ड्रिलचं काम निम्म्यानं कमी होतं. सोळा इंच व्यासाची साडेतीन इंच जाडीची तळी साधारण 33 किलोची. दोन माणसं सहज उचलतात, हायड्रा लागत नाही. लहान अंगण, अरुंद बोळ, दुसऱ्या मजल्यावरची गच्ची, जिथं मोठा दगड पोचतच नाही तिथं जातं पोचतं.

जातं घरातलं असूनही उघड्यावर टिकतं, म्हणजे माझ्या नोकरीच्या नियमाला इथं अपवाद आहे. कारण जात्यासाठी दगडच निवडून घेतलेला असतो. दळताना खर पडू नये म्हणून घट्ट दगड काढायचे आणि पाथरवट दर थोड्या दिवसांनी त्याला पुन्हा टाकी लावायचा, म्हणजे छन्नीनं खरबरीत करायचा. त्या टाकीच्या रेघा वरच्या बाजूला ठेवल्या तर पावसानंतर तिरक्या उन्हात त्या काय दिसतात, ते एकदा बघाच.

खोट एकच, आणि ती दगडात नाही. सगळीकडे तेच दिसतं. तीन जाती एकावर एक, वर मातीचा माठ, माठातून पाणी, खाली निळे गोटे. हे इतक्या ढाब्यांवर झालंय की अंगणात तसंच उभं केलं तर पाहुणे मेनूकार्ड मागतील. जाती वापरायचीच असतील तर आडवी न रचता उभी, चाकासारखी जमिनीत निम्मी रोवून बघा. किंवा एकच ठेवा.

आणि घरातल्या बायकांना आधी विचारा. ताईनं वरवंटा शिल्पात घ्यायचं ठरवलं तेव्हा आईनं साफ नकार दिला. आमच्या घरातली सगळी बारशी त्या वरवंट्याला कुंची घालून झाली होती, "कुणी गोविंद घ्या" म्हणत तो पाळण्याखालून-वरून फिरला होता. तो आता ताईच्या देवघराशेजारी आहे. पाटा बाहेर गेला, वरवंटा आत राहिला.

डोणीबद्दल थोडक्यात. जनावरांना पाणी पाजायची दगडी डोणी मिळाली तर घ्या, काही न करता ठेवा. तिच्यावर काम करायचा मोह आवरा.

ग्रॅनाइटचे कटपीस

ओटे आणि जिने करणाऱ्या दुकानांच्या मागं ग्रॅनाइटच्या तुकड्यांचा ढीग असतोच. सिंकसाठी कापलेले चौकोन, स्कर्टिंगच्या पट्ट्या, तुटके कोपरे. दुकानदाराला ते टाकायचेच असतात. दोन्ही शहरांत आम्हाला हे नाममात्र पैशात मिळाले, एकानं तर "सगळा ढीग नेणार असाल तर टेम्पो मी देतो" म्हणून सांगितलं.

ग्रॅनाइट उघड्यावर उत्तम टिकतो, याबद्दल वाद नाही. काळ्या दगडाइतकाच कठीण किंवा थोडा जास्तच, पॉलिशही वर्षानुवर्षं राहतं. अडचण जाडीची. ही पाटी अठरा-वीस मिलिमीटरची, म्हणजे तिच्यातून काही कोरून निघत नाही. करायची ती चवड. भाकरीसारखे तुकडे एकावर एक, मधून कोअर कटरनं भोक, आत स्टीलचा दांडा. पॉलिशची बाजू खाली आणि करवतीनं कापलेल्या कडा बाहेर ठेवल्या तर डोंगराच्या थरांसारखं दिसतं, आणि साताऱ्यात राहणाऱ्याला त्याहून ओळखीचं काय असणार. पॉलिश वर ठेवलं तर बँकेच्या पायरीसारखं दिसतं. हे अर्थात माझं मत.

नुसत्या चिकटवण्यावर भिस्त ठेवू नका. एप्रिलच्या उन्हात काळा ग्रॅनाइट हात लावता येणार नाही इतका तापतो, रात्री निवतो. दगड आणि इपॉक्सी वेगवेगळ्या मापानं फुगतात-आकसतात, शिवाय उन्हानं इपॉक्सी पिवळं पडून कडक होतं. दोन-तीन उन्हाळ्यांत सांधा सुटतो. चिकटवा, पण वजन दांड्यावर द्या. थरांच्या फटीत पाणी राहून शेवाळ धरतं, तेव्हा प्रत्येक तुकडा किंचित बाहेरच्या उताराचा बसवा. आणि ग्रॅनाइट कापताना पाणी सोडूनच कापायला लावा, कामगाराच्या तोंडाला चांगला मास्क हवा. त्या धुळीतला सिलिका फुप्फुसात बसतो आणि निघत नाही. काळ्या दगडात तो प्रकार बराच कमी, तरी मास्क तिथंही हवाच.

जांभा

महाबळेश्वर, पाचगणी, कासकडच्या उंच सड्यांवरचा, म्हणजे सपाट कातळमाथ्यांवरचा हा तांबडा, सच्छिद्र दगड. तिकडची जुनी घरं किंवा कुंपणं उतरवली की त्याचे चिरे निघतात. खाणीतून काढताना तो मऊ असतो, हवा लागली की कडक होतो. म्हणून जुना जांभा नव्यापेक्षा भरवशाचा, हा या यादीतला एकच दगड ज्याचं वय हाच त्याचा दर्जा. वजनालाही हलका, काळ्या दगडाच्या दोनतृतीयांशाच्या आसपास.

जांभ्यात नाक-डोळे येत नाहीत. त्याला मोठे, ठोकळेबाज आकार द्यावे लागतात. साताऱ्याच्या पश्चिमेला, जिथं चार महिने धुकं आणि पाऊस, तिथं दुसऱ्या पावसाळ्यात त्याच्यावर शेवाळ, नेचे, कधी तेरड्याचं रोप येतं आणि शिल्पाचं निम्मं काम निसर्गच करतो. तोच दगड सांगलीच्या उन्हात नेला तर नुसता तांबडा ठोकळा राहतो. ताईनं दोन चिरे हौसेनं नेले होते. त्यांवर आता कुंड्या आहेत. खालचा चौथरा पांढरा असेल तर जांभ्यातून उतरणारे गंजाचे ओघळ त्यावर दिसतात, एवढंही लक्षात असू द्या.

कडप्पा, शहाबादी, संगमरवर

यांचं लवकर आटोपतो. तिन्ही चुनखडीच्या घराण्यातले, म्हणून आम्लाला आणि झिजेला मऊ. दगड कुठला ते कळत नसेल तर कोपऱ्यावर लिंबू पिळा. बारीक फेस आला तर चुनखडी, काही झालं नाही तर काळा दगड किंवा ग्रॅनाइट. ओट्यावर काळाभोर दिसणारा कडप्पा बाहेर दोन उन्हाळ्यांत राखी होतो आणि थरांवरून सुटायला लागतो. शहाबादी त्यातल्या त्यात बरी, पण पायाखालीच शोभते. संगमरवराचे जुने तुकडे व्हरांड्यात, पावसाच्या आड ठेवा.

रचायचं की कोरायचं?

कुठला दगड, याच्याइतकाच मोठा निर्णय हा. मी रचण्याच्या बाजूचा आहे, ताई सुरुवातीला कोरण्याच्या. तिला पायरीच्या दगडातून आई आणि मूल हवं होतं. पाथरवटानं दगड फिरवून पाहिला आणि म्हणाला, खाणीतला ताजा दगड छन्नीला साथ देतो, हा जुना झालाय, चिवट झालाय. शिवाय आत कुठं तडा आहे हे निम्मं काम झाल्यावर कळणार, तोवर मजुरी झालेली असणार. त्यानं नवा दगड आणून करायची तयारी दाखवली. नवा दगड, नवी मूर्ती, यात वाईट काही नाही, पण मग पणजोबांचा दगड अंगणात तसाच पडून.

मधल्या काळात आम्ही सातारा जिल्ह्यातल्या औंधला गेलो होतो. तिथले राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी 1938 साली उघडलेल्या श्री भवानी संग्रहालयात ब्रिटिश शिल्पकार हेन्री मूर यांचं आई-मुलाचं शिल्प आहे. ताई त्याच्यापुढं बराच वेळ उभी होती. परतताना एसटीत म्हणाली, "नाकाशिवाय पण आई होते की रे." त्यानंतर कोरायचा विषय निघाला नाही.

तुकडे सिमेंटमध्ये बसवून आकृत्या करायचा तिसराही रस्ता आहे. त्याचं सगळ्यात मोठं उदाहरण चंदीगडचं रॉक गार्डन. सरकारी नोकरीत रस्त्यांची देखरेख करणाऱ्या नेक चंद यांनी 1957 पासून गुपचूप, पाडलेल्या घरांचे दगड, फुटकी भांडी, बांगड्या गोळा करून ते उभं केलं, आणि 1976 मध्ये ते लोकांसाठी खुलं झालं. शाळेच्या आवारात, मुलांच्या हातून काही करायचं असेल तर हाच रस्ता धरा. तुकडे लहान असतात, वजनाचं भय नसतं, चूक लपते. फक्त आतली लोखंडी जाळी सिमेंटच्या बाहेर कुठंही डोकावू देऊ नका.

लोखंडाबद्दल मी बोलणार, कारण ठेच मलाच लागली. माझं पहिलं शिल्प, चार तळखड्यांचा खांब, मी एका फॅब्रिकेटरकडून साध्या सळईवर बसवून घेतलं. स्टेनलेसचा भाव ऐकून मी म्हटलं, आत तर राहणार, कोण बघतंय. दुसऱ्या पावसाळ्यात सांध्यातून तांबडं पाणी उतरलं. तिसऱ्यात वरून दुसऱ्या तळखड्याला उभा तडा गेला. लोखंड गंजलं की ते मूळच्या दुपटीहून जास्त जागा मागतं, आणि दगड ती देत नाही. फुटतो. जुने कारागीर दगडांच्या सांध्यात लोखंडी पकड घालून वर शिसं ओतायचे, ते पाणी आत जाऊ नये म्हणूनच. आज स्टेनलेस स्टीलच्या 304 प्रतीचा दांडा घ्या. गंजाला जास्त टिकणारी 316 प्रत परवडली तर उत्तम. या एका ठिकाणी काटकसर केली तर बाकी सगळी काटकसर वाया.

सातारा आणि सांगली: तेच शिल्प, दोन जमिनी

आम्हा दोघांचे निर्णय वेगळे झाले ते आवडीपेक्षा जमिनीमुळे. माझ्याकडे दीड फुटावर मुरूम लागला. त्यावर काँक्रीटचा चौथरा, काम झालं. ताईकडे कृष्णाकाठची काळी माती. पावसाळ्यात ती फुगते, मे महिन्यात भेगाळते, तिच्यावर थेट ठेवलेलं काहीही वर्षभरात कलतं. तिथं काळी माती चार फूट उपसून मुरूम भरावा लागला, मग सळईचा चौथरा. पायाचा खर्च शिल्पापेक्षा जास्त झाला. तुमची जमीन काळी असेल तर आधी खड्डा खणून बघा, मग शिल्पाची उंची ठरवा.

दुसरं पाणी. सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी 40 फुटांना इशारा आणि 45 फुटांना धोका. 2019 च्या ऑगस्टमध्ये पाणी 57 फुटांच्या वर गेलं होतं. दगडाला पुराचं काय, असं वाटतं. पण पाण्यात बुडालेला काळा दगड एकतृतीयांश वजन गमावतो, जांभा जवळपास निम्मं. त्यात प्रवाहाचा रेटा आणि वाहत आलेली लाकडं. सुटा रचलेला खांब अशा वेळी उभा राहील याची खात्री देता येत नाही. वाईच्या ढोल्या गणपतीच्या देवळाची मागची भिंत माशासारखी निमुळती आहे, पुराचं पाणी दुभंगून जावं म्हणून. तीच अक्कल अंगणात वापरायची. अरुंद बाजू पाण्याच्या दिशेला, उंची कमी, बूड रुंद.

माझ्याकडे साताऱ्यात, उतारावर, पुराची भीती नाही, पण जमीन हलते. पाटण-कोयना भागातली घरं 11 डिसेंबर 1967 ची भूकंपाची पहाट अजून विसरलेली नाहीत, आणि बारीक धक्के तिकडं आताही बसतात. नदीकाठी गोट्यांवर गोटे तोलून फोटो काढतात तसं 'तोललेलं' शिल्प या जिल्ह्यात करू नये, त्यातून घरात मुलं असतील तर मुळीच नाही. माझा ढोबळ हिशेब असा: उंचीच्या निम्मी तरी बुडाची रुंदी, आणि गुडघ्याच्या वर जाणाऱ्या प्रत्येक दगडात दांडा.

उभा की आडवा, यात आणखी एक गोष्ट आहे, ती कुठल्या पुस्तकात मिळणार नाही. आपल्याकडे अंगणात किंवा रस्त्याच्या कडेला गोल माथ्याचा एकटा दगड उभा केला की त्याला आठ दिवसांत शेंदूर लागतो. आमच्या ओळखीच्या एका डॉक्टरांनी कुंपणाबाहेर हौसेनं असा एक रोवला. आज तो म्हसोबा आहे, त्याला अमावास्येला नारळ फुटतो आणि डॉक्टरांना गाडी लावायला जागा नाही. कुंपणाबाहेर ठेवायचं असेल तर आडवं ठेवा किंवा जोडीनं ठेवा.

हात लावू नयेत असे दगड

मारुतीच्या देवळामागं, पारावर, ओढ्याकाठी पडलेले वीरगळ, सतीशिळा, मंदिरांचे कोरीव तुकडे कुणी विकायला आणले तर घेऊ नका. "असेच पडलेत" हे खरं असतं, पण शंभर वर्षांहून जुनी शिल्पं आणि इमारतींपासून सुटलेल्या अशा वस्तू 1972 च्या पुरावशेष कायद्यात येतात आणि परवान्याशिवाय त्यांचा व्यापार चालत नाही. स्वतःच्या घराच्या भिंतीतही कोरीव किंवा अक्षरं असलेला दगड निघाला तर तो बाजूला ठेवून पुरातत्त्व खात्याला कळवा. जुन्या पुलांचे कठडे आणि मैलाचे दगड रुंदीकरणात निघतात, तेही सरकारी. नदीतले गोटे आणि सड्यावरचे दगड तर उचलूच नका. आणि जिथून घ्याल तिथून साधी का होईना पावती घ्या, नाहीतर दगड भरलेला टेम्पो नाक्यावर अडला की खाणीतला माल नाही हे पटवत बसावं लागतं.

मग घ्यायचं काय?

घरचा दगड असेल आणि जागा मोठी असेल तर पायऱ्या आणि तळखडे, दुसरा विचार नको. घरचा नसेल आणि खिसा तंग असेल तर ग्रॅनाइटचे कटपीस. स्वस्तात एवढं टिकाऊ दुसरं काही मिळत नाही, फक्त रचना करायला डोळस माणूस हवा. गच्ची किंवा चाळीचं छोटं अंगण असेल तर एक जातं, उभं. पाचगणी-महाबळेश्वरकडे घर असेल तर जांभा, आणि पहिली दोन वर्षं त्याच्याकडे बघू नका. ठरवाल ते मृगाच्या आधी बसवून घ्या, ओल्या मातीत हायड्राचं चाक रुतलं की भाडं तासावर चालू राहतं.

माझ्याकडे आता तीन तळखडे आहेत, चौथा फुटलेला पायाशी. ताईनं सहा पायऱ्या आडव्या, एकीवर एक सरकवत लावल्या, नदीच्या दिशेला निमुळत्या, कमरेच्याही खाली. झिजलेले वाक सगळे एका ओळीत आलेत. परवा दाजींचा फोन होता. समोरचे आण्णा रोज संध्याकाळी येऊन त्या वाकात टेकतात, तंबाखू मळतात. दाजींनी त्यांना हळूच सांगून पाहिलं, "आण्णा, हे शिल्प आहे." तर ते उठले, मागं वळून नीट बघितलं आणि म्हणाले, "असू दे की. मग बसायचं नाही का?"